जुन्या व्हॅनमागे ट्रॉली : क्राऊन-पिनियन बदलावा का?

प्रश्न : राजूर कॉलरीत (ता. वणी, जि. यवतमाळ) माझं छोटं बिछायत केंद्र आहे. मांडवाचे पाइप, ताडपत्र्या, खुर्च्या, गाद्या असं सगळं सामान एका जुन्या डिझेल डिलिव्हरी व्हॅनमध्ये भरून नेतो. अलीकडे मागे जनरेटरची दोन चाकी ट्रॉलीही जोडतो. सपाट रस्त्याला गाडी चालते. पण पुलाच्या चढावर तिसरा गिअर सोडावा लागतो, चढावर थांबून उठताना हाफ क्लच धरावा लागतो आणि क्लच प्लेट फार लवकर जाते. आमचे मिस्त्री म्हणतात, मागचा क्राऊन-पिनियन बदलून जड ओढणारा टाकू. त्याने खरंच ताकद वाढते का? जुना सेट मिळाला तर चालेल का? आणि मायलेज किती घसरेल?
— एक वाचक, राजूर

उत्तर : ताकद वाढत नाही, ओढ वाढते. हा फरक आधी समजून घेतला तर पैसे योग्य जागी पडतील. मिस्त्रींनी सुचवलेला उपाय खरा आहे, जुना आहे आणि मोठमोठ्या कारखान्यांनीही तो वापरला आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो : तुमच्या गाडीला एक पायरी जड सेट टाकायला हरकत नाही, पण तो पहिला खर्च नव्हे. पहिला खर्च ब्रेकचा.

इंजिनाची फिरत गिअरबॉक्समधून प्रोपेलर शाफ्टवर येते आणि शाफ्टमधून मागच्या हाऊसिंगमध्ये शिरते. तिथे शाफ्टच्या टोकाला असलेला लहान पिनियन मोठ्या क्राऊन व्हीलला फिरवतो. समजा क्राऊनला ३७ दाते आणि पिनियनला ९ दाते आहेत. ३७ भागिले ९, म्हणजे ४.११. चाकाचा एक फेरा व्हायला शाफ्टला ४.११ फेरे घ्यावे लागतात. याच जागी ४१ आणि ९ चा सेट टाकला तर आकडा ४.५६ होतो, ३९ आणि ८ चा टाकला तर ४.८७५. आकडा जितका मोठा, तितकी चाकाला मिळणारी ओढ जास्त आणि तितकाच त्याच फेऱ्यांवर मिळणारा वेग कमी. इंजिन तेच, डिझेल तेच, अश्वशक्तीही तीच राहते.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण तुमच्या भागातल्या रेल्वेवर आहे. माजरी-वरोरा मार्गावर कोळशाचे रेक ओढणारं डब्ल्यूएजी-९ हे मालगाडीचं इंजिन आणि प्रवासी गाड्यांना लागणारं डब्ल्यूएपी-७ ही सख्खी भावंडं आहेत. नागपूरजवळच्या अजनी शेडमध्ये दोन्ही नांदतात. डब्ल्यूएपी-७ हे डब्ल्यूएजी-९ वरूनच तयार केलं गेलं : मोटरी त्याच, चाकांचा व्यास तोच, मोठा बदल गिअरच्या दात्यांचा. मालगाडीच्या इंजिनात ७७ ला १५, म्हणजे ५.१३. प्रवासी इंजिनात ७२ ला २०, म्हणजे ३.६. मालगाडीवाल्याची सुरुवातीची ओढ ४५८ किलोन्यूटन आणि वेगाची मर्यादा ताशी १०० किलोमीटर. प्रवासीवाल्याची ओढ सुमारे ३२२ किलोन्यूटन आणि वेग १४० पर्यंत. ५.१३ ला ३.६ ने भागा, १.४२ येतात. ४५८ ला ३२२ ने भागा, तेच १.४२ येतात. ओढ ज्या प्रमाणात वाढली, त्याच प्रमाणात वेग गेला. तुमच्या व्हॅनलाही हाच नियम लागू आहे, त्यात कुठेही सूट नाही.

रस्त्यावरच्या गाड्यांत याचा जुना दाखला जीपचा. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपच्या एक्सलचा आकडा ४.८८ होता. युद्ध संपत आलं आणि १९४५ मध्ये कंपनीने तीच गाडी शेतकऱ्यासाठी म्हणून बाजारात आणली, तेव्हा औजारं आणि ट्रॉली ओढायची म्हणून आकडा ५.३८ केला. पुढे महिंद्रांनी मुंबईत विलिस जीप जोडायला सुरुवात केली आणि हे घराणं आपल्याकडे रुजलं. जीपवाल्या वाचकांसाठी एक सूचना इथेच देतो : फोर-व्हील गाडीत पुढचा आणि मागचा दोन्ही एक्सल एकाच आकड्याचे असावे लागतात. एकच बदलला तर फोर-व्हील लावताच गिअर एकमेकांशी झगडतात आणि काहीतरी तुटतं.

तुम्ही गाडीचं मॉडेल लिहिलेलं नाही, म्हणून हेही सांगायला हवं. बजाज टेम्पोचा सुरुवातीचा मॅटाडोर, एफ ३०५, हा मूळ जर्मन रचनेप्रमाणे पुढच्या चाकांवर चालणारा होता. त्याच्या मागच्या एक्सलमध्ये क्राऊन-पिनियन नसतोच. शिवाय मागे ट्रॉलीचा भार पडला की पुढची चाकं हलकी होतात आणि चढावर घसरतात, त्यामुळे असल्या गाडीला ट्रॉली जोडू नये असंच मी म्हणेन. १९८७ मध्ये आलेली ट्रॅव्हलर मर्सिडीजच्या टी-१ व्हॅनवर बेतलेली असून मागच्या चाकांवर चालते. तुमचे मिस्त्री मागच्या हाऊसिंगबद्दल बोलत आहेत, तेव्हा गाडी याच पद्धतीची आहे असं धरून पुढे लिहितो.

आता तुमच्या चढाचा हिशेब करू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. तुमचे खरे आकडे घालून हाच हिशेब घरी करता येईल. भरलेली व्हॅन साडेतीन टन आणि जनरेटरची ट्रॉली एक टन, मिळून ४,५०० किलो. आपल्या रस्ते बांधणीच्या मानकांत सपाट आणि उंचसखल मुलखासाठी नेहमीचा चढ ३० ला १ धरतात, फार तर २० ला १. पुलाच्या दोन्ही बाजूंचे चढ बहुधा याच मापात बसतात. ३० ला १ चढावर ४,५०० किलो वर न्यायला १५० किलोची ओढ लागते. टायर रस्त्यावर फिरवायलाच, आणि कोळशाच्या टिपरांनी चाळण केलेल्या रस्त्यावर तर नक्कीच, आणखी ८० किलो धरा. एकूण २३०. चढ २० ला १ असेल तर हीच बेरीज ३०५ होते.

इंजिनाची पिळाची ताकद, म्हणजे टॉर्क, १४० न्यूटन-मीटर धरू. अशा व्हॅनमध्ये ज्या घराण्याचं इंजिन असायचं, त्या मर्सिडीजच्या २.४ लिटर ओएम ६१६ चा मूळ आकडा २,४०० फेऱ्यांना १३७ आहे, म्हणून हे धरणं वाजवी. चाकाचा परीघ २.२ मीटर, तिसऱ्या गिअरचा आकडा १.४५, दुसऱ्याचा २.३, आणि वाटेत घर्षणात जाणारे दहा टक्के वजा. मग ४.११ च्या सेटवर तिसऱ्या गिअरमध्ये चाकाला मिळतात सुमारे २१९ किलो. लागतात २३०. म्हणून गाडी दम टाकते आणि तुम्हाला दुसरा घ्यावा लागतो. ४.५६ चा सेट असता तर तिसऱ्यातच २४३ किलो मिळाले असते आणि गाडी चढ चढली असती. ४.८७५ असता तर २६०. पण चढ २० ला १ असेल, तर यातला कोणताही सेट तिसऱ्यात ३०५ किलो देऊ शकत नाही. तिथे दुसरा गिअर लागणारच. ४.११ वरही दुसऱ्यात ३४७ किलो मिळतात, म्हणजे ते काम आजही होतं आहे.

या हिशेबातली एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ४.५६ वर तिसऱ्यात २,२०० फेऱ्यांना गाडी ताशी ४४ किलोमीटरने चढेल. आज ४.११ वर दुसऱ्यात तेवढ्याच फेऱ्यांना ती ३१ ने चढते. पण आजच दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ३,००० फेऱ्यांपर्यंत नेलं तर वेग ४२ येतो! पुष्कळ ड्रायव्हर इंजिनाचा आवाज वाढला की घाबरून पाय काढतात. डिझेल इंजिनाला ज्याचा खरा त्रास होतो तो कमी फेऱ्यांवर ओढायला लावण्याचा : काळा धूर येतो, पिस्टन तापतात, शाफ्टचे क्रॉस धक्के खातात. त्यामुळे एक पैसाही खर्च करण्याआधी एवढं करून पाहा. चढ सुरू होण्याआधीच दुसरा गिअर घ्या आणि इंजिनाला मोकळेपणी फिरू द्या. चढाची तक्रार एवढ्याने संपली तर सेट बदलण्याचं कारण फक्त क्लच उरतं.

आणि क्लचचं कारण मात्र भक्कम आहे. गाडी उठवताना क्लच प्लेट घसरते, तेव्हा जी उष्णता तयार होते ती क्लच पूर्ण धरला जाईपर्यंत गाडीने घेतलेल्या वेगाच्या वर्गाशी बांधलेली असते. एक्सलचा आकडा मोठा केला की इंजिनाच्या त्याच फेऱ्यांवर क्लच कमी वेगाला धरतो. ४.११ वरून ४.५६ वर गेलात तर सपाट रस्त्यावर उठताना होणारी ही उष्णता सुमारे १९ टक्के कमी होते, ४.८७५ वर गेलात तर सुमारे २९ टक्के. लग्नसराईत मे महिन्यात, तुमच्याकडे पारा ४५ च्या आसपास असताना, मांडवाच्या अरुंद गल्लीत मागेपुढे करत ट्रॉली लावायची, यात क्लचचे जे हाल होतात ते या एका बदलाने खरंच कमी होतील. रिव्हर्सलाही तोच फायदा मिळतो, कारण एक्सलचा आकडा सगळ्याच गिअरना लागू असतो.

तरीही सेटकडे वळण्याआधी मागचे टायर तपासा. जुनी गाडी दोन-तीन हातांतून आलेली असते. आधीच्या एखाद्या मालकाने खड्डे चुकवायला मोठ्या मापाचे टायर टाकलेले असतात आणि नव्या मालकाला ते माहीतही नसतं. ७.००-१५ च्या जागी ७.५०-१६ आले की परीघ सुमारे आठ टक्क्यांनी वाढतो आणि तेवढी ओढ तिथेच निघून जाते. मूळ मापाच्या टायरवर परत येणं हाच अशा वेळी अर्धा उपाय असतो, आणि त्याला हाऊसिंग उघडावं लागत नाही. उलट टोकाला जाऊन मूळ मापापेक्षा लहान टायर मात्र टाकू नका, त्यांची भार पेलण्याची क्षमता कमी असते.

आता ब्रेक. यावर मला आग्रहाने लिहायचं आहे, कारण तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही आणि मिस्त्रींच्या सल्ल्यातही नाही. क्राऊन-पिनियन गाडीला ओढायला मदत करतो, थांबवण्याचं काम ब्रेकच करतात. उतारावर गिअरमध्ये ठेवलेली गाडी मोठ्या आकड्यामुळे थोडी जास्त रोखली जाते हे खरं, पण समोर गाय आली तर ती मदत कामाची नाही. एक टनाची ब्रेक नसलेली ट्रॉली म्हणजे व्हॅनच्या ड्रमना मूळ हिशेबाबाहेरचा एक टन. लांब उतारावर ड्रम तापले की पेडल कडक लागतं, पण गाडी थांबत नाही. वळणावर जोरात ब्रेक दाबला तर ट्रॉली व्हॅनला मागून ढकलते आणि दोन्ही मिळून घडीच्या चाकूसारखी मिटतात. म्हणून ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक बसवून घ्या. ट्रॉली पुढे रेटली गेली की जोडणीतच दाबले जाणारे ओव्हररन ब्रेक एवढ्या वजनाला साधा आणि चालणारा पर्याय आहे. त्यासोबत सुटल्यास धरून ठेवणारी साखळी आणि मागचे दिवे हवेतच. जनरेटर ट्रॉलीच्या एक्सलच्या किंचित पुढे बसवा. ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या साधारण दहावा हिस्सा हुकवर आला पाहिजे. वजन मागे गेलं की ताशी ५०-६० ला ट्रॉली डावी-उजवी झुलू लागते आणि ते झुलणं ड्रायव्हरच्या हाती राहत नाही.

ब्रेक झाले की सेट. आज गाडीत कोणता आकडा आहे, हे आधी मोजा. हाऊसिंगवर टॅग उरला असेल तर ठीक, नसेल तर मागची दोन्ही चाकं स्टँडवर उचला, पुढच्या चाकांना अडण लावा आणि गाडी न्यूट्रलला ठेवा. शाफ्टवर आणि चाकावर खडूची खूण करा. दोन्ही चाकं बरोबरीने दहा वेळा फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. ४१ आणि थोडे जास्त आले तर ४.११, साडेपंचेचाळीसच्या आसपास आले तर ४.५६. एकच चाक फिरवून दुसरं स्थिर ठेवलंत तर उत्तर निम्मं येतं, कारण डिफरन्शियल तेव्हा फिरत वाटून देतो. या चुकीमुळे भलताच सेट विकत घेतला जातो.

एक पायरीच का, दोन का नाही? पहिलं कारण मोठ्या रस्त्याचं. ताशी ८० ला ४.११ वर इंजिन सुमारे २,५०० फेरे घेतं, ४.५६ वर २,७६०, ४.८७५ वर २,९५०. तुमचं काम वणी, मारेगाव, घुग्गुस एवढ्यातच असेल तर दोन पायऱ्याही चालतील. पण करंजीवरून ४४ नंबरच्या महामार्गाला लागून वरचेवर लांबच्या फेऱ्या होत असतील, तर तासन्‌तास चढ्या फेऱ्यांवर फिरणारं जुनं इंजिन आणि जुने क्रॉस दोघेही कुरकुरतील. दुसरं कारण पोलादाचं आहे. आकडा मोठा करायचा म्हणजे पिनियनचं डोकं लहान आणि बहुधा दातेही कमी. जास्त ओढीसाठी टाकलेला पिनियन स्वतः आधीच्यापेक्षा नाजूक असतो. पिनियन लहान झाला की क्राऊनला त्याच्या जवळ यावं लागतं, म्हणून एकाच एक्सलचे सगळे सेट एकाच कॅरियरवर, म्हणजे क्राऊन ज्यावर बसतो त्या भागावर, बसतीलच असं नाही. काही आकड्यांना कॅरियरही बदलावा लागतो. दुकानदाराला ‘याच एक्सलचा, याच कॅरियरवर बसणारा’ असं स्पष्ट विचारून घ्या, नुसतं गाडीचं नाव सांगून भागत नाही.

जुना सेट चालेल का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर : अख्ख्या हाऊसिंगसकट किंवा न उघडलेल्या कॅरियरसकट मिळाला तर चालेल, सुटा मिळाला तर घेऊ नका. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि दोघांवर एकच जोडक्रमांक कोरलेला असतो. एका सेटचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन कधीच जुळत नाही. सुट्या जुन्या सेटचे दाते आधीच्या गाडीत विशिष्ट पद्धतीने झिजलेले असतात. ते नव्या जागी बसवले की गाडी ठरावीक वेगाला ‘हूं’ असा आवाज काढत राहते आणि तो आवाज कोणत्याही तेलाने जात नाही. अपघातात पुढून ठोकलेल्या, पण मागचा एक्सल शाबूत असलेल्या त्याच मॉडेलच्या गाडीचा पूर्ण एक्सल मोठ्या आकड्याचा मिळत असेल, तर माझ्या मते तो सगळ्यात चांगला सौदा. बसवणं सोपं, जुळणी कारखान्याची, आणि तुमचा मूळ एक्सल जपून ठेवता येतो.

नवा सेट बसवायचा तर मिस्त्रींच्या हाताची खरी परीक्षा इथे आहे. पिनियन किती आत बसतो ते शिमने ठरतं, त्याच्या बेअरिंगवरचा आधीचा ताण किती ते नट आणि स्पेसरने, आणि दात्यांतला प्ले क्राऊन डावी-उजवीकडे सरकवून. हा प्ले बहुतेक एक्सलमध्ये ०.१५ ते ०.२० मिलिमीटरच्या आसपास असतो. तुमच्या एक्सलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावा. तो डायल गेजने मोजायचा असतो. बोटाने हलवून ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नका. शेवटी दात्यांना प्रशियन ब्लू किंवा तेलात कालवलेला शेंदूर लावून सेट फिरवतात आणि ठसा पाहतात. ठसा दात्याच्या मधोमध आला पाहिजे. तो दात्याच्या माथ्याकडे किंवा बुडाशी गेला तर पिनियनची शिम बदलायची, आतल्या किंवा बाहेरच्या टोकाकडे गेला तर प्ले बदलायचा. चांगला मिस्त्री हे तीन-चार वेळा उघडून-बसवून करतो आणि त्याला त्याचे पैसे मिळायला हवेत. जुनी बेअरिंगं आणि पिनियनचं ऑइल सील परत वापरू नका. शेंदरात शिसं असतं, हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू नये.

तेल नव्वद नंबरचं, पण जीएल-५ दर्जाचं ईपी तेलच. अशा एक्सलमध्ये पिनियन बहुधा क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेला असतो, त्यामुळे दाते एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, घसरतातही. त्या घसरणीला साधं तेल टिकत नाही, त्यासाठी गंधक आणि फॉस्फरसचे घटक असलेलं तेल लागतं.

मायलेजबद्दल तुम्ही फसण्याची शक्यता आहे, म्हणून नीट लिहितो. बहुतेक जुन्या गाड्यांचा स्पीडोमीटर गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावरून फिरतो. एक्सलचा आकडा वाढला की शाफ्ट त्याच अंतराला जास्त फेरे घेतो आणि मीटर जास्त किलोमीटर दाखवतो. ४.११ वरून ४.५६ वर गेलात तर खऱ्या १०० किलोमीटरला मीटरवर १११ दिसतील. डिझेल भागून पाहाल तर मायलेज वाढलं असं वाटेल, आणि तो निव्वळ भास असेल. गिअरबॉक्समधला स्पीडोमीटरचा छोटा गिअर बदलून हे दुरुस्त करता येतं. तो मिळाला नाही, तर मीटरवरचे किलोमीटर १.११ ने भागून खरं अंतर काढा. वेग मोजून इंजिनाला रोखणारा स्पीड गव्हर्नर गाडीत असेल, तर ही दुरुस्ती टाळता येणार नाही, नाहीतर गाडी ७२ लाच ८० समजून अडेल. खरं मायलेज रिकाम्या गाडीला महामार्गावर थोडं घसरेल. ट्रॉली ओढत गावोगाव फिरताना मात्र फारसा फरक पडू नये, कारण आज तिसऱ्यात दम टाकत आणि क्लच घासत जाणारं डिझेल वाचेल.

कागदपत्रांचंही सांभाळा. क्राऊन-पिनियनचा आकडा आरसीवर छापलेला नसतो. पण मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळी होईल असा बदल करायला मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हे कलम कडकपणे लावलं आहे. त्यामुळे गाडीचं मान्य एकूण वजन सेट बदलल्याने वाढत नाही, हे लक्षात असू द्या. ट्रॉली हे कायद्याच्या दृष्टीने वेगळं वाहन आहे : तिची नोंदणी वेगळी, विमा वेगळा. तुमच्या गाडीमागे एवढ्या वजनाची ट्रॉली नोंदवता येते का, हे हाऊसिंग उघडण्याआधी यवतमाळच्या आरटीओत जाऊन विचारा. जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेसला उभं राहावंच लागतं. ट्रॉलीचे ब्रेक आणि दिवे त्या आधीच झालेले बरे.

सेट बसल्यावर पहिल्या दिवशी ट्रॉली जोडू नका. पंचवीस-तीस किलोमीटर रिकामी गाडी सावकाश चालवा, मग थांबवून हाऊसिंग पूर्ण थंड होऊ द्या. नवे दाते या काळात एकमेकांना घासून बसतात आणि खूप तापतात. पुढचे ५०० ते ८०० किलोमीटर हलक्या सामानावर काढा, म्हणजे हे काम लग्नसराईच्या तोंडावर न काढता पावसाळ्यात काढायला हवं. त्यानंतर तेल बदला आणि ड्रेन प्लगवर काय चिकटलंय ते पाहा. बोटाला लागणारं करडं, मऊ गाळासारखं असेल तर सगळं ठीक आहे, ट्रॉली जोडा. चमकणारे कण किंवा दात्याचा तुकडा दिसला तर गाडी तिथेच उभी करून हाऊसिंग पुन्हा उघडा.